नोकरी आणि नाद : हौशी रंगभूमीच्या इतिहासाची एक राहून गेलेली बाजू

एखाद्या गोष्टीच्या ओढीसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत. हौस, छंद, वेड, नाद, व्यसन. त्यांतील हौस घरात खपून जाते आणि छंदाचे पाहुण्यांपुढे कौतुकही होते. नाद हा शब्द मात्र उच्चारला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘नाटकाच्या नादी लागला’, ‘नाचगाण्याचा नाद आहे’ ह्या वाक्यांत माणूस हातचा गेल्याची धास्ती असते. ह्या धास्तीवरचा तोडगाही मराठी मध्यमवर्गाने फार पूर्वी शोधून ठेवला आहे. आधी नोकरी धर, मग काय ते नाद कर. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या मराठी रंगभूमीचा बराच मोठा भाग ह्या तडजोडीवर उभा आहे, आणि रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत तिची नोंद जवळजवळ नाही. नाटककार, नट, मंडळी, नाट्यगृहे ह्यांचे इतिहास आहेत. सकाळी हजेरीपटावर सही करून संध्याकाळी तालमीला उभ्या राहणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

हा विषय आम्ही चोपड्यासारखे गाव डोळ्यांपुढे ठेवून मांडत आहोत, त्याला कारण आहे. पुण्यामुंबईत हौशी कलावंताला निदान पर्याय असतो. आज ना उद्या नोकरी सोडून रंगभूमीवर जगता येईल, अशी शक्यता क्षितिजावर दिसते. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला असलेल्या, गावात रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी ही शक्यताच नसते. तेथे व्यावसायिक रंगभूमी म्हणजे दौऱ्यावर आली तर आलेली मंडळी आणि जत्रेतला तमाशा. बाकी सारे हौशी. म्हणून हौस ही व्यवसायाची पहिली पायरी असते, हे पुण्यामुंबईचे गृहीतक येथे लागू पडत नाही. पायरी आहे, पण वर मजला नाही. असे असताना माणसे आयुष्यभर त्या पायरीवर का उभी राहतात, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला नोकरदार लेखक नवा नाही. केशवसुत गेल्या शतकाच्या वळणावर काही वर्षे ह्याच खानदेशात, फैजपूरला, शिक्षक होते. मर्ढेकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. परंतु लेखकाचा नाद आणि रंगभूमीवरील कलावंताचा नाद ह्यांत मूलभूत फरक आहे. कविता टेबलाच्या खणात ठेवता येते. ती दुपारच्या सुट्टीत लिहिता येते, दहा वर्षे न लिहिता पुन्हा सुरू करता येते, आणि बदली झाली तर ट्रंकेतून सोबत नेता येते. नाटकाचे, त्यातही नृत्याचे, तसे नाही. दहाबारा माणसे एकाच संध्याकाळी, एकाच वेळी मोकळी असावी लागतात. त्यांतील एकाची पाळी बदलली, एकीच्या घरी पाहुणे आले, की त्या दिवसाची तालीम गेली. शरीराचा हिशोब तर आणखी निराळा आहे. नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चालते, नाचणारे पाय तितके थांबत नाहीत. बढती ज्या वयात मिळू लागते, नेमक्या त्याच वयात गुडघे बोलू लागतात.

मराठी रंगभूमीच्या आश्रयदात्यांचा क्रम आपण साधारणपणे असा शिकवतो : १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे संस्थानिक होते, पुढे तिकीट काढून येणारा प्रेक्षक आश्रयदाता झाला, स्वातंत्र्यानंतर सरकारी स्पर्धा आणि अनुदाने आली. ह्या क्रमात एक आश्रयदाता सुटतो, तो म्हणजे मासिक पगार. अण्णासाहेब किर्लोस्करांचेच उदाहरण घ्यावे. तरुणपणी त्यांनी नाटक मंडळीचा खटाटोप करून पाहिला होता. नंतर शिक्षकी आणि सरकारी नोकरी पत्करली. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. तो प्रयोग उभा करणारे गृहस्थ रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, हे तळटीपेत जाते. आम्हांला ते तळटीपेत जाण्याइतके किरकोळ वाटत नाही. संस्थानिकाची मर्जी सांभाळायची नाही आणि उद्याचे पोट आजच्या तिकीटविक्रीवर अवलंबून नाही, अशी मोकळीक असलेल्या माणसानेच संपूर्ण नवा प्रकार करून पाहण्याचे धाडस केले. पगाराने नाटक लिहिले नाही हे खरे, पण नाटक फसले असते तर झळ किती लागली असती, ते पगाराने ठरवले होते.

त्यांचे सहकारी आणि ‘शारदा’चे कर्ते देवल हे मुळात शिक्षक होते. मामा वरेरकरांनी आपल्या नाट्यलेखनाचा आरंभ टपाल खात्यातील नोकरी करत केला. १८९४ साली पुण्यात ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ ह्या नावाने निघालेली आणि पुढे भरत नाट्य संशोधन मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागलेली संस्था तर हौशी मंडळींचीच. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तेव्हा व्यावसायिक कंपन्यांची घडी विस्कटत चालली होती आणि नवे काही करण्याची जबाबदारी पुन्हा एकदा सुशिक्षित हौशी माणसांवर येऊन पडली होती. मराठी रंगभूमीला वळण लागले, त्या बहुतेक ठिकाणी पगारदार माणूस उभा दिसतो.

येथे नृत्यनाट्याचा, म्हणजे ज्याला आपण ‘बॅले’ म्हणू लागलो त्या प्रकाराचा, विचार करणे उपयोगाचे ठरेल. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आणि नंतर इप्टाच्या मुंबईतील मध्यवर्ती पथकातून ह्या प्रकाराची बांधणी झाली. १९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप उभा केला आणि माणसांना कठपुतळ्यांच्या हालचाली देऊन ‘रामायण’ सादर केले. ह्या साऱ्या प्रयोगांची पद्धत एकत्र राहून, दिवसभर सराव करून, पूर्ण वेळ देऊन काम करण्याची होती. नृत्याला ती आवश्यकच होती. पण म्हणूनच हा प्रकार हौशी मंडळींच्या हाती आला नाही. तालुक्याच्या गावी दिवसभर सराव कोण करणार? तेथपर्यंत पोचले ते शाळेच्या स्नेहसंमेलनातले ‘बॅले’ : शेतकरी, कोळी, सीमेवरचा जवान. शिक्षिकेने दोन आठवड्यांत बसवलेले. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. मात्र खानदेशातील कित्येक मुलामुलींना शरीराने काही सांगता येते ह्याची पहिली जाणीव त्या दोन आठवड्यांत झालेली असते, हेही विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर ह्या हौशी जगाला एक चौकट मिळाली. मुंबई राज्याच्या काळात सुरू झालेली नाट्यस्पर्धा पुढे महाराष्ट्र राज्याची हौशी नाट्यस्पर्धा म्हणून रुजली. १९५३च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला आणि गिरणी-कारखान्यांतील माणसांसाठी नाट्यस्पर्धा होऊ लागल्या. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यांच्या शाखा तालुक्यातालुक्यांत पोचल्या. आर्थिक इतिहासात ह्या घटनांचे अर्थ वेगळे आहेत. रंगभूमीच्या दृष्टीने त्यांचा अर्थ असा की, ठरलेल्या वेळी सुटणारा, ठरलेल्या तारखेला पगार घेणारा, बऱ्यापैकी शिकलेला एक तरुण वर्ग लहान गावांत जाऊन पोचला. तालुक्याच्या गावातील हौशी नाट्यसंघ म्हणजे बहुधा हायस्कुलातले दोन शिक्षक, तहसील कचेरीतला एक कारकून, बँकेतला एक, एस.टी. आगारातला एक, वीज मंडळातला एक, अशीच यादी असते. गणेशोत्सव आणि स्नेहसंमेलन हे त्यांचे रंगमंच, आणि जिल्ह्याच्या ठिकाणची स्पर्धा ही वर्षातून एकदा होणारी कसोटी.

नोकरी देणाऱ्याने ह्या नादाकडे कसे पाहिले, ह्याचे एक उत्तर कायद्याच्या भाषेत मिळते. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतील पंधरावा नियम खासगी व्यापार व अन्य नोकरी ह्यांना मनाई करतो. पण साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम, कर्तव्यात कुचराई होत नसेल तर, पूर्वपरवानगीवाचून करू देतो. टपाल कचेरीतला किंवा आयकर कार्यालयातला नट ह्या एका सवलतीवर उभा आहे. नियम उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी त्यातील ‘प्रासंगिक’ हे विशेषण विचार करायला लावते. आस्थापनेला कला मान्य आहे, ती अधूनमधून असेल तर. प्रत्यक्षात जो माणूस तीस वर्षे दर संध्याकाळी तालमीला जातो, त्याच्या आयुष्यात प्रासंगिक काय आणि नित्य काय? कागदावर नोकरी नित्य आणि कला प्रासंगिक. मनात नेमके उलटे. हे दोन हिशोब एकमेकांना कळू न देता चालवणे, हेच त्याचे खरे कौशल्य.

ह्या दुहेरी आयुष्यातून काय उभे राहू शकते, ह्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. तेंडुलकरांची संहिता, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. ह्या नाटकाची चर्चा आपण बहुधा इतिहासाच्या विपर्यासाच्या वादाभोवती करतो. पण रंगमंचावर ते मुख्यतः चालीचे आणि पदन्यासाचे नाटक आहे. ओळीने उभ्या राहणाऱ्या, गात डोलणाऱ्या, क्षणात भिंत आणि क्षणात गर्दी होणाऱ्या ब्राह्मणांचा तो जिवंत पडदा हाच त्या नाटकाचा नायक. हा पडदा एकसंध हलण्यासाठी जे एकश्वासी शरीर लागते, ते व्यावसायिक नर्तकसंचाकडून अपेक्षावे असे आहे. ते हौशी माणसांनी घडवले.

आणि ती हौशी माणसे कोण होती? दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, पुढे त्याच विषयाचे प्राध्यापक. साहाय्यक दिग्दर्शक सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर. १९९६ साली पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा घेईपर्यंत ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करत होते. ‘महानिर्वाण’ (१९७४) हे ह्याच काळातले. पुढे ह्या परिघात आलेले संगीतकार आनंद मोडक बँक ऑफ महाराष्ट्रात होते. संस्थेच्या ज्येष्ठांनी ‘घाशीराम’चे प्रयोग थांबवले तेव्हा ह्या मंडळींनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. आमचे म्हणणे असे की, वाद अंगावर घेऊन स्वतंत्र होण्याची ताकद त्यांना तत्त्वनिष्ठेइतकीच पगारानेही दिली. नाटक बंद पडले म्हणून कोणाच्या घरची चूल बंद पडणार नव्हती. १९८० साली हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्याच्या कौतुकात रजेचे अर्ज कोणी मोजले नाहीत. इतक्या नोकरदारांच्या रजा एकाच वेळी जमवणे हे नृत्यरचनेइतकेच अवघड काम असते, हे ज्याने कधी हौशी संघ चालवला आहे त्याला सांगायला नको.

ज्यांनी हे दोन दगड सोडून एकावर पाय ठेवला, त्यांच्याकडेही पाहिले पाहिजे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली त्यांनी पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली आणि ‘लमाण’मध्ये त्या प्रवासाचा लेखाजोखा मांडला. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत होते. त्यांची चरित्रे ‘नोकरीच्या बेड्या तोडल्या’ ह्या सुरात सांगितली जातात, आणि तो सूर लोकप्रिय आहे. त्याने एक नकळत अन्याय होतो. ज्यांनी नोकरी सोडली नाही ते भित्रे ठरतात. सोडणे शक्य व्हायला मुंबई जवळ असावी लागते, चित्रपट किंवा व्यावसायिक नाटक बोलावणारे असावे लागते, घरी दुसरे कोणी मिळवते असावे लागते. चोपड्याच्या बँकेतल्या नटाने राजीनामा दिला असता तर तो गेला कोठे असता?

तरीही हौशी जगाचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या जगावरची सर्वांत कठोर टीका एका हौशी संस्थेसाठीच लिहिली गेली, ही मराठी नाटकातील लक्षणीय गोष्ट आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले. त्यातील पात्रे म्हणजे खेडेगावी प्रयोगाला आलेला एक हौशी संच. वकिली न चाललेले सुखात्मे, परीक्षेत नापास होऊन विज्ञानाच्या गप्पा मारणारा पोंक्षे, समाजसेवेचा तोरा मिरवणारे काशीकर. आयुष्यात जे जमले नाही ते रंगमंचावर करून पाहणारी, आणि त्या खेळाच्या आडून एका बाईची शिकार करणारी ही माणसे. तेंडुलकरांनी दाखवले ते असे की, हौस निरागस नसते. दिवसभराच्या अपमानाची भरपाई ती दुसऱ्याच्या अपमानाने करू शकते. बेणारे शाळेत शिक्षिका आहे, आणि खटल्याचा शेवट तिच्या नोकरीवर येऊन ठेपतो. पुरुषाची नोकरी त्याच्या नादाला संरक्षण देते. बाईची नोकरी तिच्याविरुद्ध हत्यार होते. ती भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः शिक्षिका होत्या, ह्या योगायोगाकडे आम्हांला केवळ योगायोग म्हणून पाहता येत नाही.

त्यांची शाळा दादरची छबिलदास. १९७१ साली स्थापन झालेल्या आविष्कारने तिच्या सभागृहात १९७४पासून प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू केले आणि ‘छबिलदास’ हे एका चळवळीचे नाव झाले. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी रंगमंच अशी ती वास्तू. आपण ज्या दुहेरी आयुष्याबद्दल बोलत आहोत ते माणसांप्रमाणे इमारतीलाही जगता येते, ह्याचा हा पुरावा. तालुक्याच्या गावांत तर नाटकाला शाळेच्या सभागृहावाचून दुसरी जागा क्वचितच असते.

आता पुन्हा खानदेशाकडे. शहरातील हौशी संस्था आणि तालुक्यातील संघ ह्यांच्या आयुष्यमानात जो फरक दिसतो, त्याचे एक मोठे कारण बदली हे आहे. पुण्यातला डॉक्टर वा प्राध्यापक पुण्यातच राहतो. तालुक्याला आलेला बँकेतला किंवा महसूल खात्यातला माणूस तीन-चार वर्षांत हलतो. तो येतो तेव्हा सोबत नव्या संहिता, नव्या पद्धती, कोठेतरी पाहिलेला एखादा प्रयोग घेऊन येतो. जातो तेव्हा संघाचा कणा काढून नेतो. बदली हीच लहान गावातील नाटकाची टपालसेवा आणि बदली हाच त्याचा काळ. मागे टिकतो तो शिक्षक, कारण खासगी संस्थेच्या शाळेत तो बहुधा निवृत्तीपर्यंत असतो. म्हणूनच तालुक्याच्या गावातील नाटकाची परंपरा शोधायची तर ती शिक्षकांच्या घरी शोधावी लागते. स्पर्धेसाठी पन्नासेक किलोमीटरवरच्या जळगावला जायचे, नेपथ्याचे सामान टेम्पोत, माणसे एस.टी.त, प्रयोग संपवून पहाटे परतायचे आणि साडेदहाला सहीला हजर. ह्या रात्रींचा हिशोब कोणत्याही निकालपत्रकात नसतो.

आणखी एक मर्यादा ह्या मांडणीला आहे, तीही सांगितली पाहिजे. ‘हौशी’ हा शब्दच पगारदारांचा आहे. खानदेशात दिवसभर शेतात राबून रात्री डफावर वही गाणारे वहीगायक आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवर होळीच्या दिवसांत पायाला घुंगरू बांधून रात्र रात्र नाचणारे पावरा आणि भिल्ल आहेत. त्यांनाही उदरनिर्वाह वेगळा आणि कला वेगळी. तरी त्यांना कोणी हौशी कलावंत म्हणत नाही. ते ‘लोककलावंत’ होतात. बँकेतल्या माणसाच्या नाचाला छंद म्हणायचे आणि शेतमजुराच्या नाचाला परंपरा, ही विभागणी कलेवरून झालेली नाही, वर्गावरून झाली आहे. नोकरी आणि नाद ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने ही भिंत ओलांडली नाही, तर तो इतिहास पुन्हा अर्धाच राहील.

ह्या इतिहासाची साधने फार काळ टिकणारी नाहीत. ती ग्रंथालयात नाहीत. कपाटावरच्या पेटीत, जुन्या हस्तपत्रिकांत, स्पर्धेच्या पिवळ्या पडलेल्या प्रमाणपत्रांत आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहेत. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. त्याच्या परिसरातील मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात, आणि हा विषय त्यांच्या गावातच, बहुधा त्यांच्या स्वतःच्या शिक्षकाच्या घरात आहे. मुलाखतीला जाताना कोणती नाटके केली आणि बक्षीस किती मिळाले, हे विचारावेच. पण त्याबरोबर हेही विचारावे : कचेरी किती वाजता सुटत असे? रजा कोणी दिली आणि कोणी नाकारली? नाटकात बाई कोठून आणली, आणि ती घरी काय सांगून येत असे? तालमीच्या संध्याकाळी घरातली मुले कोण सांभाळत असे? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आतल्या खोलीतून येईल. ते वहीत सर्वांत आधी उतरवून घ्यावे.